ख्रिस्ती मॅथ्युसन: हुकमी चेंडू जपून वापरणारा पिचर

क्रिकेटमध्ये गुगली सारखीच टाकली, तर ती गुगली राहत नाही. बेसबॉलमध्ये हेच गणित अमेरिकेच्या ख्रिस्ती मॅथ्युसनला नेमकं कळलं होतं.

१८८० मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या फॅक्टरीव्हिल गावात त्याचा जन्म झाला. किशोरवयातच तो गावच्या संघाकडून पिचिंग करू लागला. १९०० मध्ये तो न्यूयॉर्क जायंट्समध्ये आला.

वेगवान चेंडू आणि कर्व्ह त्याच्याकडे होतेच. त्याचं खास अस्त्र होतं ‘फेडअवे’. कर्व्ह उजव्या हाताच्या बॅटरपासून दूर जायचा, तर फेडअवे उलटा त्याच्याकडे आत वळायचा. पण त्यासाठी हात उलटा पिळावा लागायचा आणि त्याचा ताण यायचा. म्हणून मॅथ्युसन एका सामन्यात तो जेमतेम दहा-बारा वेळा टाकायचा. बाकी काम अचूक टप्पा आणि वेगातला बदल करायचा.

१९०५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याने सहा दिवसांत तीन सामने पूर्ण टाकले. २७ इनिंग्जमध्ये प्रतिस्पर्ध्यांना एकही रन मिळाला नाही. कारकिर्दीत त्याने ३७३ विजय मिळवले.

१९१८ मध्ये तो सैन्यातून फ्रान्सला गेला. तिथे विषारी वायूचा त्रास झाला, पुढे क्षयाने गाठलं. १९२५ मध्ये, अवघ्या ४५ व्या वर्षी तो गेला. १९३६ मध्ये हॉल ऑफ फेमच्या पहिल्या पाच खेळाडूंत त्याची निवड झाली.

आज अमेरिकेच्या लिटल लीगमध्ये मुलांनी दिवसाला किती चेंडू टाकायचे, यावर वयानुसार मर्यादा आहे. कोवळा हात जपायचा, तर बॅटरला ताकदीपेक्षा मिश्रणाने चकवणंच शहाणपणाचं.