काचेचा कारागीर : बर्नहार्ट श्मिट

आकाशाचे छायाचित्र घ्यावयाचे तर दुर्बीण कोणती निवडावी, हा प्रश्न वरकरणी शास्त्र शाखेचा. मी कला शाखेचा विद्यार्थी. पण या प्रश्नापायी ज्याने आयुष्य वेचले, त्या बर्नहार्ट श्मिटचे चरित्र वाचले आणि ते आपल्या वार्षिकातून सर्वांना सांगावेसे वाटले.

श्मिटचा जन्म ३० मार्च १८७९ रोजी एस्टोनियाच्या किनाऱ्याजवळील नैस्सार या लहानशा बेटावर झाला. एस्टोनिया तेव्हा रशियन साम्राज्यात होता. लहान वयात बंदुकीच्या दारूचे प्रयोग करताना स्फोट झाला आणि त्याचा उजवा हात गेला. पुढे तो जर्मनीतील मिटवायडा येथे शिकावयास गेला आणि तेथेच दुर्बिणीचे आरसे घासू लागला, तेही एकट्या डाव्या हाताने! हे आरसे नामांकित वेधशाळांत जाऊ लागले. १९२६ साली तो हॅम्बुर्गजवळच्या बेर्गेडॉर्फ वेधशाळेत राहावयास गेला.

त्या काळी मुख्यतः दोन मार्ग होते. साध्या भिंगाच्या दुर्बिणीत निरनिराळे रंग निरनिराळ्या ठिकाणी एकवटतात. अन्वस्त, म्हणजे मोटारीच्या दिव्यातल्यासारख्या आकाराच्या आरशात हा दोष नाही; परंतु मध्यावरचे तारे तेवढे ठिपक्यासारखे येतात, कडेच्या ताऱ्यांना शेपूट फुटून ते स्वल्पविरामासारखे दिसतात. एकच तारा डोळ्याने पाहणाऱ्याचे त्यावाचून अडत नाही. विस्तीर्ण आकाश एका काचेवर टिपू पाहणाऱ्याचे मात्र सारेच अडते.

श्मिटने साधा गोलीय आरसा निवडला. त्यात प्रतिमा अस्पष्ट येते म्हणून तो मागे पडला होता. पण प्रकाश वक्रतेच्या मध्यबिंदूपाशी असलेल्या झरोक्यातून आत घेतला, तर हा दोष मध्यावर आणि कडेला सारखाच राहतो. जो दोष सगळीकडे सारखा, तो एकदाच दुरुस्त करता येतो! त्यासाठी श्मिटने झरोक्यात एक पातळ काच बसविली. तिचा आकार घडविणे महाकठीण. त्याने काच भांड्याच्या तोंडावर बसवून आतील हवा थोडी काढली, वाकलेली काच घासली आणि हवा पुन्हा आत सोडली. ताण सुटताच काचेने पाहिजे तो आकार आपणहून घेतला. १९३० साली ३६ सेंटिमीटर झरोक्याचा असा पहिला कॅमेरा तयार झाला. त्याची नळी लांब होते, फिल्मही वाकवून बसवावी लागते. पण कडेचे तारे ठिपकेच राहतात.

१ डिसेंबर १९३५ रोजी श्मिट वारला. १९४९ ते १९५८ या काळात अमेरिकेत पालोमार येथील ४८ इंची श्मिट दुर्बिणीने उत्तर आकाशाचा छायाचित्र-संग्रह तयार केला. २००९ साली अवकाशात गेलेली केप्लर दुर्बीणही याच रचनेची. हे पाहावयास तो नव्हता.

आमच्या घरी हाताने काम करणारे पुष्कळ आहेत. त्यांना विद्वान कोणी म्हणत नाही. मीही म्हणत नव्हतो. श्मिटचे चरित्र वाचून पुस्तक मिटले, तेव्हा मला प्रथम त्यांचे हात आठवले.