विश्लेषण : प्लॅस्टिकची साखळी उलट सोडवता येते का? ती साखळी ओळखणारे हर्मन स्टाउडिंगर कोण होते?

मुंबई-गोवा महामार्गाने पेण, वडखळ मागे टाकले की रोहा तालुक्यातील नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प लागतो. पूर्वी सरकारी आयपीसीएलचा असलेला हा प्रकल्प आता रिलायन्सकडे आहे. येथे वायूपासून इथिलीन तयार होते आणि इथिलीनचे हजारो रेणू एकमेकांना जोडून पॉलिथिन बनते. पिशव्या, पाइप, पाण्याच्या टाक्या अशा वस्तूंचा हा कच्चा माल. कचऱ्यात गेलेले प्लॅस्टिक पुन्हा मूळ रेणूंपर्यंत नेता येईल का, असा उलटा प्रश्न आता जगभर विचारला जात आहे. यालाच रासायनिक रीसायकलिंग म्हणतात. हा प्रश्न विचारता येतो, कारण प्लॅस्टिक ही रेणूंची लांब साखळी असल्याचे शंभर वर्षांपूर्वी एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ठामपणे मांडले. तेव्हा त्यांच्या बाजूने जवळपास कोणीच नव्हते.

वनस्पतींच्या ओढीतून रसायनशास्त्राकडे…

हर्मन स्टाउडिंगर यांचा जन्म २३ मार्च १८८१ रोजी जर्मनीतील वर्म्स शहरात झाला. त्यांना शिकायचे होते वनस्पतिशास्त्र. मात्र वनस्पती नीट समजायच्या तर आधी रसायनशास्त्र यायला हवे, असा सल्ला मिळाला आणि ते त्यातच रमले. १९०३ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर ‘कीटीन’ या संयुगांच्या शोधाने त्यांचे नाव झाले. १९१२ मध्ये ते झुरिकच्या नामांकित तंत्रविद्यापीठात प्राध्यापक झाले. प्रतिष्ठा, पद, प्रयोगशाळा सारे हाताशी होते. तिशी ओलांडलेला हा संशोधक त्याच वाटेने चालत राहिला असता, तरी त्याचे काही बिघडले नसते.

वाद नेमका कशाचा होता?

रबर, सेल्युलोज, प्रथिने हे पदार्थ म्हणजे लहान रेणूंचे पुंजके आहेत, असे त्या काळचे बहुतेक शास्त्रज्ञ मानत. फलाटावर गर्दी दाटीवाटीने उभी असते, पण कोणी कोणाला बांधलेले नसते, तसे. स्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये वेगळेच मांडले. त्यांच्या मते ही गर्दी नव्हती, ती गाडी होती. एकमेकांना पक्के जोडलेले हजारो डबे, म्हणजे एकच प्रचंड रेणू. १९२२ मध्ये या रेणूला त्यांनी ‘महारेणू’ या अर्थाचे नाव दिले.

पुरावाही दिला. रबरात हायड्रोजन मिसळून त्यांनी रेणूंमधील ती कथित ओढ काढून टाकली. रबर हा नुसता पुंजका असता, तर आता तो सुटून लहान रेणू मोकळे व्हायला हवे होते. तसे झाले नाही. तरीही विरोध मावळला नाही. रबर आधी नीट शुद्ध करा, म्हणजे त्यातला लहान रेणू सापडेल, असा सल्ला त्यांना देण्यात आला. १९२६ मध्ये ते फ्रायबर्ग विद्यापीठात गेले. द्रावण जितके दाट वाहते तितकी त्यातली साखळी लांब, हा संबंध मोजून त्यांनी आपली बाजू भक्कम केली. त्यांच्या पत्नी माग्दा वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. पुढील संशोधनात त्या त्यांच्या सहकारी राहिल्या.

राजवटीशीही खटका

पहिल्या महायुद्धात त्यांनी विषारी वायूच्या वापराला उघड विरोध केला होता. ही जुनी भूमिका नाझी काळात त्यांच्यावर उलटली. विद्यापीठाचे तत्कालीन प्रमुख, प्रसिद्ध तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर यांनीच त्यांची तक्रार केली. चौकशी झाली, त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेण्यात आला, पण तो अमलात आणला गेला नाही. नोव्हेंबर १९४४ मधील बॉम्बहल्ल्यात त्यांची संस्था उद्ध्वस्त झाली. युद्धानंतर त्यांनी पुन्हा काम उभे केले. १९५३ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मूळ लेखाला तोवर ३३ वर्षे झाली होती आणि नायलॉन, पॉलिथिन बाजारातही आले होते. ८ सप्टेंबर १९६५ रोजी त्यांचे निधन झाले.

आजच्या कचऱ्याशी याचा संबंध काय?

नेहमीच्या रीसायकलिंगमध्ये प्लॅस्टिक धुऊन, दळून, वितळवले जाते. दर वेळी साखळ्या थोड्या तुटतात आणि दर्जा घसरतो. रासायनिक पद्धतीत साखळी मुद्दामच तोडली जाते. पाण्याची बाटली पीईटीची असते. तिच्या साखळीतले दुवे मिथेनॉल, ग्लायकॉल किंवा पाण्याच्या साहाय्याने सुटतात आणि मूळ रसायने परत मिळू शकतात. त्यांपासून नवी बाटली किंवा धागा बनतो.

पॉलिथिनचे तसे नाही. त्याची साखळी कार्बनला कार्बन जोडून बनलेली असते, तिला सहज सुटणारे दुवे नसतात. हवा लागू न देता ती प्रचंड तापवावी लागते. याला पायरोलिसिस म्हणतात. साखळी कुठेही तुटते आणि हाती तेल, वायू, मेण, काजळी यांचे मिश्रण येते. हे तेल शुद्ध करून पेट्रोकेमिकल प्रकल्पात पुन्हा वापरता येते, पण त्यासाठी बरीच ऊर्जा खर्च होते. कचऱ्यात पीव्हीसी मिसळलेले असेल तर हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होऊन यंत्रे गंजतात.

फायदा कधी, फसवणूक कधी?

मिळालेले तेल भट्टीत जाळले तर साखळी पुन्हा जोडली जात नाही, प्लॅस्टिक फक्त धूर होऊन जाते. म्हणूनच भारताच्या प्लॅस्टिक कचरा नियमांत अशा इंधनतेलाची गणना रीसायकलिंगमध्ये होत नाही, ती अंतिम विल्हेवाट ठरते. एखादा प्रकल्प रासायनिक रीसायकलिंग करतो असे सांगितले गेले, तर एकच गोष्ट विचारावी : तुटलेल्या साखळीतून नवे प्लॅस्टिक किती बनते आणि किती जळते?

घरात करता येण्याजोगेही काही आहे. बाटल्या, पिशव्या, पीव्हीसीचे तुकडे वेगळे ठेवले तर पुढचे काम सोपे होते. प्रत्येक प्लॅस्टिकची साखळी वेगळी असते. ती सोडवायची रीतही वेगळीच असते.