वाकडा ऊस आणि महाद्वाराची पायरी



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ५, श्लोक १८.

विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने सर्वांत खालचा ठरवलेला माणूस, या सगळ्यांकडे ज्ञानी माणूस एकाच नजरेने बघतो, असा या श्लोकाचा आशय. वाचायला सोपा आहे. आचरायला किती अवघड, हे संत चोखामेळा यांच्या आयुष्याकडे पाहिलं की कळतं.

मी जिंतूरचा. आमच्या तालुक्यात येलदरीला पूर्णा नदीवर धरण आहे. याच नदीवर वरच्या अंगाला, बुलढाणा जिल्ह्यातल्या खडकपूर्णा धरणाच्या जलाशयाला संत चोखासागर म्हणतात. कारण त्या भागातलं मेहुणा राजा हे चोखोबांचं जन्मगाव मानलं जातं.

चोखोबांचा जन्म महार जातीतला. गावातली मेलेली गुरं ओढायची, सांगतील ती कामं करायची आणि राहायचं वेशीबाहेर. पुढे ते मंगळवेढ्याला राहिले. नामदेव महाराजांना त्यांनी गुरू मानलं आणि पंढरीचा ध्यास घेतला. पण ज्याच्यासाठी एवढं चालत यायचं, त्या विठ्ठलाच्या देवळात पाऊल ठेवायची परवानगी नव्हती. नमस्कार बाहेरूनच.

तरी ते गात राहिले. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका, मुलगा कर्ममेळा, सगळ्यांनी अभंग रचले. चोखोबांच्या सर्वांत प्रसिद्ध अभंगात वाकड्या उसाचा दाखला आहे. कांडं कसंही दिसो, आतली गोडी कमी होत नाही, असा त्याचा भाव.

आपण तो अभंग ऐकतो आणि 'मन सुंदर हवं' असं म्हणून स्टेटसला टाकतो. पण मला वाटतं, चोखोबा बोलतात ते बघणाऱ्याशी. उसात काही कमी नव्हतंच. न चाखता फेकून देणाऱ्याची नजर चुकली होती.

१३३८ मध्ये मंगळवेढ्यात गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली आणि चोखोबा त्याखाली गेले. परंपरा सांगते की, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आलं त्या नामदेवांनी गोळा केल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. पुढची सहाशे वर्षं लोक त्या समाधीला हात जोडून आत जात राहिले, आणि चोखोबांच्या माणसांना मात्र बाहेरच थांबवत राहिले. ते दार सगळ्यांसाठी उघडावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावं लागलं.

दार उघडलं. नजरेचं काय? बायोडाटात 'गोरी' शोधणं, आडनावावरून जात चाचपणं, मराठवाडी बोली ऐकून हुशारी मोजणं, हे आजही चालूच आहे.

आजचा अभ्यास : कुणाबद्दल पहिल्या नजरेत मत बनायला लागलं की थांबा, आणि त्या माणसाशी पाच मिनिटं नीट बोला.

पांडुरंगा, आमची नजर स्वच्छ कर.

राम कृष्ण हरी!