शेठ जावजी दादाजी : खिळ्यांपासून ग्रंथांपर्यंत

मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा अभ्यास करताना आपण आतापर्यंत ग्रंथकार, संपादक आणि टीकाकार यांचा परिचय करून घेतला. आता ज्या व्यक्तीचे चरित्र आपल्याला पाहावयाचे आहे, ती ग्रंथकार म्हणून ओळखली जात नाही. तरीही करवीर नगर वाचन मंदिरासारख्या, १८५० साली स्थापन झालेल्या जुन्या ग्रंथालयात जाऊन आपण कालिदासाची किंवा मोरोपंतांची जुनी प्रत हाती घेतलीत, तर तिच्या मुखपृष्ठाच्या तळाशी ‘निर्णयसागर’ हे नाव दिसण्याचा संभव बराच असतो. या छापखान्याचे संस्थापक शेठ जावजी दादाजी चौधरी (१८३९–१८९२) यांचा जीवनक्रम समजून घेताना आपण एक प्रश्न सतत समोर ठेवावा. वाङ्मयाचा इतिहास घडविणाऱ्यांमध्ये अक्षरे कोरणारे, ओतणारे आणि जुळविणारे हात मोजावयाचे की नाही?

१. मुंबईतील अमेरिकन छापखाना

जावजींचे शिक्षण ज्या ठिकाणी झाले, त्या ठिकाणाची पार्श्वभूमी आधी पाहू. अमेरिकेतील एका मिशनरी मंडळाचे धर्मोपदेशक १८१३ साली मुंबईत आले. पुढील काही वर्षांत त्यांनी येथे छापखाना सुरू केला. आरंभी नागरी खिळे बंगालमधून आणावे लागत. पुढे याच छापखान्यात मराठीचे खिळे कोरण्याचे व ओतण्याचे काम सुरू झाले आणि टॉमस ग्रॅहम हा त्या कामातील निष्णात कारागीर म्हणून नावाजला.

ही मंडळी ज्या देशातून आली, तेथे छपाई हा शहरी व्यापाराचा एक मुख्य घटक बनला होता. बेंजामिन फ्रँकलिन बाराव्या वर्षी बोस्टनमध्ये आपल्या थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवार म्हणून लागला. १७२३ साली तो फिलाडेल्फियास गेला. तेथे त्याने स्वतःचा छापखाना काढला, वृत्तपत्र चालविले आणि १७३२ पासून वार्षिक पंचांग प्रसिद्ध केले. घरोघरी दरवर्षी लागणारी ही वस्तू त्याच्या व्यवसायाचा मोठा आधार ठरली. हा क्रम आपण लक्षात ठेवावा. उमेदवारी, स्वतःचा कारखाना, पंचांग आणि त्यानंतर ग्रंथ, अशाच पायऱ्या शतकाहून अधिक काळाने मुंबईत पुन्हा दिसतात.

मुंबईत ही वाट आधी गणपत कृष्णाजी यांनी चोखाळली होती. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील कौशल्य आत्मसात करून त्यांनी स्वतःचा छापखाना उभारला आणि मराठी पंचांग छापले. छापील कागदाला शिवणे कर्मठ मंडळींना प्रशस्त वाटत नसे. शाईत चरबी असेल, अशी त्यांना शंका होती. त्यांच्या समाधानासाठी शाईत तूप वापरले गेल्याचे सांगतात. नवे तंत्र समाजात रुजावे यासाठी मुद्रकाला यंत्राबरोबर गिऱ्हाइकाचे मनही जाणावे लागे, हे यावरून ध्यानात येते.

२. खिळे घासणारा मुलगा

जावजींचा जन्म १८३९ साली मुंबईत एका गरीब मराठा कुटुंबात झाला. शाळेत दीर्घकाळ राहण्याची ऐपत नव्हती. वयाच्या दहाव्या वर्षी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर ते दरमहा २ रुपये वेतनावर लागले.

हे काम नेमके काय होते? पोलादी दांडीच्या टोकावर अक्षर उलटे आणि उठावदार कोरावयाचे, हा पहिला टप्पा. तो ठसा तांब्यावर ठोकला की अक्षराची खोलगट मातृका तयार होते. ती मातृका साच्यात बसवून त्यात शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा वितळलेला रस ओततात. रस थिजला की खिळा बाहेर येतो. आपल्यापैकी जे विद्यार्थी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील फाउंड्रीत काम करतात किंवा ज्यांनी हुपरीच्या चांदीकारागिरांचे ठसे पाहिले आहेत, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. ओतलेल्या खिळ्याला शेपूट राहते, कडा खरखरीत असतात. त्या घासून सपाट केल्याखेरीज खिळे एकमेकांना चिकटून उभे राहत नाहीत आणि ओळ सरळ येत नाही. खिळे घासणे ही कारखान्यातील सर्वांत खालची पायरी होती. परंतु प्रत्येक अक्षर बोटांखालून जात असल्याने कोणता खिळा कोठे चुकतो, हे तेथेच उत्तम समजत असे.

या पायरीवरून जावजी ओतकामापर्यंत पोहोचले. मिशनच्या छापखान्यानंतर त्यांनी टाइम्स, इंदुप्रकाश आणि ओरिएंटल या छापखान्यांत नोकऱ्या केल्या. त्या काळातील मुंबईत वृत्तपत्रे, शालेय पुस्तके, दरपत्रके आणि जाहिराती यांची छपाई वाढत होती. १८५७ साली विद्यापीठ स्थापन झाले आणि त्यानंतर पाठ्यग्रंथांची गरजही वाढली. एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे जाताना जावजींना या बाजाराची पाहणी आयतीच झाली. शहरात छापखाने वाढत होते. त्या सर्वांना चांगले देवनागरी खिळे हवे होते आणि ते पुरविणारे मात्र थोडे होते.

३. देवनागरीची अडचण

येथे भाषाभ्यासाच्या दृष्टीने थोडे थांबू. रोमन लिपीत मोठी व लहान मिळून ५२ अक्षरे, त्यांत अंक व विरामचिन्हे मिळविली की जुळाऱ्याचे काम भागते. देवनागरीचे तसे नाही. व्यंजनावर वेलांटी येते, मात्रा येते, खाली उकार येतो, वर रफार बसतो. त्यात जोडाक्षरांची भर पडते. संस्कृत ग्रंथात तर तीन-चार व्यंजने एकत्र येतात आणि स्वरचिन्हेही लागतात. त्यामुळे एका आकाराच्या संचात कित्येक शे निरनिराळे खिळे ठेवावे लागतात.

यावर कारागिरांपुढे दोन मार्ग होते. मात्रा-वेलांट्यांसह संपूर्ण अक्षर एकाच खिळ्यावर ओतले, तर ते दिसते सुबक, पण खिळ्यांची संख्या फुगते. चिन्हे वेगळी ओतून अक्षराच्या वर-खाली बसविली, तर खिळे कमी लागतात. मात्र जुळणी किचकट होते आणि चिन्ह जागेवरून हलण्याची भीती राहते. लिपीचे सौंदर्य, जुळाऱ्याचा वेळ आणि मालकाचे भांडवल यांचा हा तिढा होता. तो कसा सुटतो, यावर पुस्तकाची किंमत आणि पर्यायाने वाचकांची संख्या ठरत असे. लेखनपद्धतीचा विचार आपण व्याकरणाच्या अंगाने करतो. एकोणिसाव्या शतकात तोच विचार धातूच्या अंगानेही करावा लागत होता.

४. कारखाना आणि छापखाना

१८६४ साली जावजींनी खिळे ओतण्याचा स्वतःचा छोटा कारखाना सुरू केला. हे वर्ष मुंबईच्या इतिहासात विलक्षण होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाला अपूर्व भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. शेअरच्या सट्ट्यात मोठमोठ्या पेढ्या उतरल्या. १८६५ मध्ये युद्ध थांबताच भाव कोसळले आणि अनेक व्यापारी बुडाले. कागदावर उभ्या राहिलेल्या कंपन्या नाहीशा झाल्या. शिशाचे खिळे विकणारा हा छोटा कारखाना मात्र तगला. त्याच्या मालाला रोजचे गिऱ्हाईक होते.

या कामी जावजींना राणोजी रावजी आरू या कुशल अक्षरकोरकाची साथ लाभली. जावजींकडे ओतकामाची जाण आणि बाजाराची नजर होती. राणोजींच्या हाती अक्षराचे वळण होते. त्यांनी सिद्ध केलेली अक्षरे ठसठशीत, प्रमाणबद्ध आणि वाचावयास सुखकर होती. निर्णयसागरी खिळ्यांना मुंबईबाहेरही मागणी आली. अ, झ, ण यांसारख्या अक्षरांची मुंबई वळणाची रूपे आणि कलकत्ता वळणाची रूपे आपल्याला जुन्या पुस्तकांत वेगळी ओळखता येतात. यांपैकी मुंबई वळण देशभर परिचित होण्यात निर्णयसागरच्या खिळ्यांचा वाटा फार मोठा आहे.

१८६९ साली जावजींनी निर्णयसागर छापखाना सुरू केला. काळबादेवी परिसरातील कोळभाट गल्लीशी पुढे या छापखान्याचे नाव कायमचे जोडले गेले. खिळे ओतणे, जुळणी, छपाई, प्रकाशन आणि विक्री ही सर्व कामे एका व्यवस्थेखाली आल्यामुळे एक मोठा लाभ झाला. एखाद्या संपादकाला विशिष्ट जोडाक्षर हवे असेल, तर ते नाही म्हणून पाठ बदलण्याची वेळ येत नसे. खिळा घरचाच, तो कोरून घेता येत असे.

५. पंचांगाकडून ‘काव्यमाले’कडे

छापखान्याचे अर्थकारण समजल्याशिवाय त्याचे वाङ्मयीन कार्य समजत नाही. पंचांग, पोथ्या, स्तोत्रे आणि शालेय पुस्तके यांचा खप निश्चित असे. खिळ्यांच्या विक्रीतूनही उत्पन्न येई. असा भरवसा असणारा मालकच सावकाश खपणारे ग्रंथ हाती घेऊ शकतो. जावजींनी ते हाती घेतले.

१८८१ साली ‘बालबोध’ हे मुलांसाठीचे मासिक निर्णयसागरमधून निघू लागले. विनायक कोंडदेव ओक यांनी ते तीन दशकांहून अधिक काळ चालविले. ‘काव्यसंग्रह’ या उपक्रमातून जुनी मराठी काव्ये छापील रूपात आली. त्यांच्या संपादनात वामन दाजी ओक यांचे परिश्रम महत्त्वाचे आहेत.

१८८६ साली ‘काव्यमाला’ सुरू झाली. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि मुंबईचे काशीनाथ पांडुरंग परब हे तिचे संपादक. हस्तलिखितांत पडून राहिलेली संस्कृत काव्ये, नाटके आणि अलंकारग्रंथ शोधून, पाठ तपासून ते मासिक अंकांच्या रूपाने वाचकांपुढे येऊ लागले. सरकारी शिक्षण खात्याची मुंबई संस्कृत ग्रंथमाला १८६८ पासून चालू होती. तिच्यामागे सरकारचा खजिना होता. ‘काव्यमाले’मागे एका मुद्रकाची मिळकत होती. १८८८ साली जगन्नाथ पंडितांचा ‘रसगंगाधर’ आणि १८९१ साली आनंदवर्धनांचा ‘ध्वन्यालोक’ अभिनवगुप्तांच्या टीकेसह या मालेत प्रसिद्ध झाला. साहित्यशास्त्राच्या अभ्यासपत्रिकेत आपण ध्वनिसिद्धान्ताचा अभ्यास करता. पोथ्यांच्या गाठोड्यात अडकलेला हा विचार विकत घेण्याजोग्या पुस्तकात आला, त्यानंतरच तो परंपरेने पाठशाळेत न शिकलेल्या वाचकाच्या आवाक्यात आला. युरोपातील अभ्यासकही निर्णयसागरच्या आवृत्त्यांचा आधार घेऊ लागले.

एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. संस्कृत विद्येपासून ज्या समाजघटकांना पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवले गेले, त्यांतून आलेल्या एका कामगाराने त्या विद्येचे ग्रंथ देशभर पोहोचविले. पंडितांची विद्वत्ता आणि कारागिरांचे कसब ही दोन्ही या छापखान्यात एकत्र आली, आणि दोहोंचे नाव ग्रंथावर सारख्याच ठळकपणे आले नाही. संपादकांची नावे मुखपृष्ठावर आहेत, मालकाचे नाव तळाशी आहे. ती पाने जुळविणाऱ्या असंख्य जुळाऱ्यांची नावे कोठेच नाहीत.

६. समारोप

५ एप्रिल १८९२ रोजी जावजींचे निधन झाले. त्यांच्यामागे पुत्र तुकाराम जावजी आणि पुढे पांडुरंग जावजी यांनी निर्णयसागरची परंपरा चालविली. कालांतराने यंत्रजुळणी आली, नंतर संगणक आला आणि शिशाचे खिळे वापरातून गेले. परंतु मोबाइलवर आपण ‘ज्ञ’ किंवा ‘र्‍य’ लिहिताना अक्षरे जेव्हा नीट जुळत नाहीत, तेव्हा राणोजी आणि जावजी यांच्यापुढील प्रश्नच नव्या रूपात आपल्यापुढे उभा असतो.

आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता आपल्याला देता येईल. ग्रंथ लेखकाच्या मनात जन्मतो हे खरे. पण तो समाजाचा होतो कारखान्यात आणि बाजारात. कोणता ग्रंथ किती किमतीला, कोणत्या अक्षरांत आणि किती वाचकांपर्यंत जाणार, हे ठरविणाऱ्या माणसांना वगळून लिहिलेला वाङ्मयेतिहास अपुरा राहतो. आपल्यापैकी बहुतेक जण दिवसभराची नोकरी किंवा शेती सांभाळून हा अभ्यास करीत आहात. कामाच्या जागी मिळालेले ज्ञान हेही ज्ञानच असते, हे आपल्याला वेगळे सांगावयास नको.

पुढील घटकाकडे वळण्यापूर्वी आपल्या गावातील वाचनालयात जाऊन एखादे जुने पुस्तक अवश्य पाहा. मुद्रक, प्रकाशक, पत्ता, किंमत आणि आवृत्ती यांची नोंद करा. अक्षरांची वळणे आजच्या वळणांशी ताडून पाहा. ग्रंथाचा मजकूर वाचण्याआधी त्याचा कारखाना वाचण्याची ही सवय वाङ्मयाच्या अभ्यासकाला फार उपयोगी पडते.