डॉक्टर आनंदीबाई जोशी

१८७८ साली कोल्हापूरच्या टपाल कचेरीत गोपाळराव जोशी नावाचे एक कारकून होते. नोकरी साधी, पण माणूस मोठा विक्षिप्त. बायकांनी अक्षर ओळखणे ज्या काळी अशुभ मानीत, त्या काळी हे गृहस्थ आपल्या पत्नीला नेमाने शिकवीत. अभ्यासात कसूर झाली, तर तिच्यावर हात उगारण्यासही ते कमी करीत नसत. हे काही योग्य नव्हे. परंतु तिने शिकावे हा त्यांचा ध्यास खरा होता. ही पत्नी म्हणजेच आनंदीबाई. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली कल्याणच्या जोशांची यमुना नवव्या वर्षी लग्न होऊन आनंदी झाली होती.

पूर्वी कोल्हापुरात राहिलेले वाइल्डर नावाचे पाद्री अमेरिकेस परतले होते. पत्नीच्या शिक्षणाची तिकडे सोय होईल काय, असे गोपाळरावांनी त्यांना पत्राने विचारले. उत्तरात धर्मांतराची अपेक्षा दिसली, तेव्हा तो विषय तेथेच थांबला. वाइल्डर यांनी मात्र तो पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. नंतर न्यू जर्सीतील कार्पेंटरबाई दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असता तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. हजारो कोसांवरच्या या बाई पुढे त्यांच्या मावशी झाल्या.

आनंदीबाईंना एक मुलगा झाला होता; तो दहाच दिवसांत गेला. आई तेव्हा अवघी तेरा-चौदा वर्षांची होती. पुरुष डॉक्टरांपुढे जाण्याच्या संकोचाने कितीतरी स्त्रिया दुखणे अंगावर काढीत. आपण स्वतःच डॉक्टर व्हावे, असे आनंदीबाईंनी ठरविले.

लोकांनी निंदा केली. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील सेरामपूर येथे भर सभेत उभे राहून त्यांनी आपला हेतू सांगितला, आणि हिंदू म्हणूनच जाऊन हिंदू म्हणूनच परत येण्याचे वचन दिले. अंगावरचे दागिने विकून एप्रिलमध्ये त्या पतीशिवाय बोटीवर चढल्या. वय अठरा!

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. तेथील थंडी आणि अपुरा आहार त्यांच्या प्रकृतीस मानवला नाही. क्षयाने त्यांना हळूहळू पोखरले. तरीही अभ्यासात खंड पडला नाही. प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर त्यांनी प्रबंध लिहिला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या.

इकडे कोल्हापूर दरबाराने त्यांना अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाचे प्रमुखपद देऊ केले. जेथून पहिले पत्र गेले, त्याच गावी आता त्या डॉक्टर म्हणून येणार होत्या. नोव्हेंबरात त्या मुंबईस उतरल्या, परंतु त्यांच्या अंगी उभे राहण्याचेही त्राण उरले नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. बाविसावा वाढदिवस एका महिन्यावर होता.

कोल्हापूरच्या रुग्णालयातील ती जागा त्यांच्या हाती आलीच नाही. गोपाळरावांनी त्यांची रक्षा अमेरिकेस मावशींकडे पाठविली. पोकीप्सी या गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत, ती ठेवण्यात आली.