विश्लेषण : ‘सपाट’ फॅशनच्या काळात स्त्रीच्या शरीराची बाजू घेणाऱ्या आयडा रोझेन्थल कोण होत्या?

ब्राच्या लेबलवर एक आकडा आणि एक अक्षर असते. आकडा घेराचा, अक्षर कपचे. आज यात विशेष काही वाटत नाही. पण शंभर वर्षांपूर्वी अंतर्वस्त्र शरीराच्या मापाने शिवले जात नसे. शरीरालाच अंतर्वस्त्राच्या मापात कोंबले जाई. हा हिशेब उलटा करणाऱ्यांत एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचे नाव महत्त्वाचे आहे. त्या म्हणजे ‘मेडनफॉर्म’ कंपनीच्या सहसंस्थापक आयडा रोझेन्थल.

शिवणयंत्र हप्त्यावर घेतले…

आयडा यांचा जन्म ९ जानेवारी १८८६ रोजी मिन्स्कजवळच्या राकोव या गावी झाला. तेव्हा तो भाग रशियन साम्राज्यात होता, आज तो बेलारूसमध्ये आहे. माहेरचे आडनाव कगानोविच. कुटुंब ज्यू होते. वडील हिब्रूचे अभ्यासक, तर आई छोटे दुकान चालवायची. म्हणजे बाईने व्यवहार पाहायचा, हे आयडा यांनी घरातच पाहिले होते.

लहान वयात त्या शिवणकाम शिकल्या. पुढे वॉर्सामध्ये शिवणकाम करता करता त्यांनी रशियन भाषा आणि गणिताचा अभ्यास केला. विल्यम रोझेन्थल हे त्यांचे मित्र. दोघेही समाजवादी विचारांचे होते. झारच्या सैन्यातली सक्तीची भरती टाळण्यासाठी विल्यम १९०५ मध्ये अमेरिकेला गेले, पाठोपाठ आयडाही गेल्या. १९०६ मध्ये दोघांचे लग्न झाले.

न्यू जर्सीतल्या होबोकेन शहरात आयडा यांनी कारखान्यात नोकरी धरण्याऐवजी हप्त्यावर शिवणयंत्र घेतले आणि घरीच कपडे शिवायला सुरुवात केली. उंची पाच फुटांहूनही कमी, हाताशी भांडवल नाही, भाषा नवी. तरी काम वाढत गेले आणि काही वर्षांत हे कुटुंब न्यू यॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये राहायला आले.

तेव्हा स्त्रिया आत काय घालत?

एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतल्या स्त्रिया कॉर्सेट घालत. त्यात कडक पट्ट्या असत आणि नाडीने कंबर आवळली जाई. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कॉर्सेट मागे पडू लागला. १९१४ मध्ये मेरी फेल्प्स जेकब या न्यू यॉर्कच्या तरुणीला ब्राच्या एका डिझाइनचे पेटंटही मिळाले. त्यामुळे ब्राचा शोध आयडा यांनी लावला, असे म्हणता येणार नाही.

१९२० च्या दशकात फॅशन पुन्हा बदलली. ‘फ्लॅपर’ म्हणवल्या जाणाऱ्या तरुणींनी केस कापले, झगे आखूड झाले आणि मुलासारखी सपाट छाती ‘इन’ झाली. त्यासाठी छातीवर ‘बँडो’ बांधला जाई. बँडो म्हणजे कापडाची एक सरळ पट्टी, मागून घट्ट हुक लावलेली. कंबर सुटली, पण आता छाती आवळली गेली. ज्यांची शरीरयष्टी मुळातच सडपातळ होती त्यांचे निभावून जाई. बाकीच्यांना दिवसभर दाब सोसावा लागे आणि वर घातलेला कपडाही नीट बसत नसे.

दोन कपांची कल्पना कुठून आली?

१९२० च्या दशकाच्या सुरुवातीला आयडा मॅनहॅटनमध्ये एनिड बिसेट यांच्या ‘एनिड फ्रॉक्स’ या दुकानात भागीदार झाल्या. दुकानातले झगे महाग होते. पण बँडोवर घातले की त्यांची सगळी बेतणी वाया जायची. एनिड यांनी बँडो मधोमध कापला आणि त्याचे दोन भाग करून कपसारखा आकार दिला. विल्यम यांनी त्यात सुधारणा केल्या.

यामागचे तंत्र साधे आहे. एकच सरळ पट्टी सगळीकडून सारखा दाब देते. तीच मध्ये चुणून दोन भागांत विभागली, की कापडाला खोलगट आकार येतो आणि भार खालच्या पट्ट्यावर व खांद्यांवर वाटला जातो. दाब कमी होतो, आधार वाढतो.

सुरुवातीला हे अंतर्वस्त्र झग्यासोबत फुकट दिले जाई. मग ग्राहक बायका नुसते तेवढेच मागू लागल्या आणि ते एक डॉलरला विकले जाऊ लागले. नावही मार्मिक होते. बाजारात तेव्हा ‘बॉइश फॉर्म’ म्हणजे मुलासारखा आकार देणारा बँडो मिळत होता. त्याला उत्तर म्हणून यांनी ‘मेडन फॉर्म’ म्हणजे तरुणीचा आकार हे नाव घेतले.

धंद्याची सूत्रे आयडांकडे…

१९२५ च्या सुमारास झगे शिवणे बंद झाले आणि फक्त ब्रा उरली. न्यू जर्सीतल्या बेयॉन येथे कारखाना उभा राहिला. डिझाइन आणि पेटंट हा विल्यम यांचा प्रांत, तर विक्री आणि पैशांचे व्यवहार आयडा यांचा. एकाच बाईने अख्खी ब्रा शिवण्याऐवजी प्रत्येक टप्पा वेगळ्या कामगाराकडे देण्यात आला. त्यामुळे मोठ्या प्रमाणावर आणि एकसारख्या दर्जाचे उत्पादन शक्य झाले.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ए, बी, सी, डी या कपच्या अक्षरांचे श्रेय अनेकदा रोझेन्थल दाम्पत्याला दिले जाते. प्रत्यक्षात ही अक्षरे १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला एस. एच. कॅम्प या दुसऱ्या अमेरिकी कंपनीने वापरात आणली.

दुसऱ्या महायुद्धात कंपनीने पॅराशूट तर बनवलेच, शिवाय संदेशवाहक कबुतरांसाठी खास जाकिटेही शिवली. कबुतराला त्यात अलगद गुंडाळून सैनिक पॅराशूटने उडी मारत. नाजूक शरीराला न चिरडता धरून ठेवायचे, हे काम कंपनीला नवे नव्हते!

स्वप्नांची जाहिरात आणि वाद

१९४९ मध्ये कंपनीची सर्वात गाजलेली जाहिरात मालिका सुरू झाली. वर फक्त ब्रा घातलेली स्त्री भर बाजारात खरेदी करते आहे, निवडणूक जिंकते आहे, बैलाशी झुंजते आहे, अशी स्वप्ने त्यात दाखवली जात. बहुतांश स्त्रियांकडून घर सांभाळण्याचीच अपेक्षा असलेल्या काळात ही चित्रे धीट होती. मालिका वीस वर्षे चालली.

पण नाण्याची दुसरी बाजूही आहे. या जाहिरातींतल्या स्त्रिया सडपातळ आणि देखण्याच असत. शिवाय १९४९ मध्येच आलेली कंपनीची ‘शान्सोनेट’ ही ब्रा तुफान खपली आणि तिने टोकदार शंकूसारख्या आकाराची फॅशन रुजवली. सपाट साच्याला विरोध करून जन्मलेल्या कंपनीने स्त्रियांपुढे दुसरा साचा ठेवला होता.

१९६८ मध्ये अटलांटिक सिटीत ‘मिस अमेरिका’ स्पर्धेविरुद्ध निदर्शने झाली. स्त्रियांनी ब्रा, उंच टाचांचे बूट, कृत्रिम पापण्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. तिथे ब्रा जाळल्याची कथा प्रसिद्ध असली, तरी ती खरी नाही. निदर्शकांचा राग शरीर कसे दिसावे हे दुसऱ्याने ठरवण्यावर होता. चाळीसेक वर्षांपूर्वी त्या दुकानातल्या ग्राहकांची तक्रारही वेगळी नव्हती.

आयडा तोवर आजारी होत्या. विल्यम यांचे १९५८ मध्ये निधन झाले, तरी त्यांनी काम सोडले नव्हते. १९६६ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि त्या कामापासून दूर झाल्या. मार्च १९७३ मध्ये वयाच्या ८७ व्या वर्षी न्यू यॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. कन्या बीट्रिस यांनीही कंपनीची धुरा सांभाळली.

आज ही गोष्ट का महत्त्वाची?

‘बॉडी पॉझिटिव्हिटी’ हा शब्द आयडा यांच्या काळात प्रचलित नव्हता आणि त्या काही चळवळ चालवत नव्हत्या, धंदा करत होत्या. पण त्यांच्या दुकानात एक प्रश्न सुटला : कपडा बसत नसेल तर दोष कुणाचा, शरीराचा की कपड्याचा?

आपल्याकडे अजूनही अनेक घरांत ब्रा दोरीवर ओढणीखाली वाळत घातली जाते, दुकानात माप दबक्या आवाजात सांगितले जाते आणि माप विचारायचाच संकोच वाटला, तर कित्येकजणी वर्षानुवर्षे चुकीच्या मापाची ब्रा वापरतात. खांद्यावर वळ उठतात, पट्टा पाठीत रुततो आणि बोल मात्र स्वतःच्या अंगाला लावला जातो. अशा वेळी आधी माप बदलून पाहावे. चूक बहुतेकदा कपड्याची असते.