नामदार गोखले आणि मिठावरील कर

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म १८६६ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक येथें झाला. फर्ग्युसन कॉलेजांत गणित व इतिहास शिकविलेले हे गृहस्थ १९०२ सालीं व्हाइसरॉयच्या कौन्सिलांत अंदाजपत्रकावर बोलावयास उभे राहिले. १८९९-१९०० च्या दुष्काळानें आपला खानदेश होरपळला होता, आणि तिकडे सरकारी तिजोरींत शिल्लक! ती सुबत्तेची नसून जादा कराची आहे, हें त्यांनीं आंकड्यांनीं दाखविलें. मिठावर तेव्हां मणास अडीच रुपये कर असे. तो १९०३ सालीं दोन, १९०५ सालीं दीड व १९०७ सालीं एक रुपया झाला.

सर्व स्वपक्षीय मात्र संतुष्ट नव्हते. ज्या रयतेस सारा देणें अशक्य तिनें तो देऊं नये, असें टिळकांनीं १८९६ च्या दुष्काळांत बजावलें होतें. कौन्सिलांतील विनवणी जहालांस भिक्षा वाटे. तथापि गरिबाच्या भाकरीबरोबरचें मीठ स्वस्त झालें, ही गोष्ट आमच्या मतें क्षुद्र नव्हे. वाद एकट्या कराचा नव्हता, मार्गाचा होता. १९०७ च्याच डिसेंबरांत, आपली तापी जेथें समुद्राजवळ पोंचते त्या सुरतेस, काँग्रेसच्या मंडपांत जोडा उडाला व सभा मोडली.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजीं गोखले निवर्तले. टिळक सिंहगडाहून तांतडीनें खालीं आले व स्मशानांत त्यांच्या गुणांविषयीं बोलले. पुढल्याच वर्षीं लखनौस दोन्ही पक्ष एकत्र आले.